काळ्या वेष्टनातली तेरा गाणी

मित्रहो, आज ज्या अल्बमबद्दल बोलायचं आहे, तो ज्यांनी केला तेच त्याचा विषय निघाला की जरा ओशाळतात. जेनेसिस हा इंग्लंडचा बँड तुम्हाला ठाऊक आहेच. कुणाला रंगमंचावर फुलाचा मुखवटा घालून उभा राहणारा पीटर गॅब्रिएल आठवत असेल, कुणाला ऐंशीच्या दशकात घराघरात पोचलेला फिल कॉलिन्स. अभ्यासू मंडळींना ‘फॉक्सट्रॉट’मधली तेवीस मिनिटांची ‘सपर्स रेडी’ तोंडपाठ असेल. या बँडचा पहिला अल्बम कोणता, असं विचारलं तर यातले बरेचजण बेधडक ‘ट्रेसपास’ म्हणतील, १९७०. आणि त्यांची तरी काय चूक? २००८ साली गॅब्रिएलच्या काळातले अल्बम एकत्र करून जो मोठा संच निघाला, त्याच्या खोक्यावरच १९७० ते १९७५ असं छापलेलं आहे.

पण मार्च १९६९ मध्ये डेक्का कंपनीने एक अल्बम काढला होता, ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन’. तेरा गाणी. पहिल्या वर्षात साधारण ६५० प्रती खपल्या, असं बँडवालेच सांगत आले आहेत. त्या काळच्या डेक्कासारख्या कंपनीच्या हिशोबात हा आकडा म्हणजे नातेवाईक, शाळेतले मित्र आणि चुकून दुकानात शिरलेले चारदोन लोक.

या अल्बमबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. एक, ही शाळकरी पोरांची पॉप गाणी आहेत, बीजीज या पॉप बँडची नक्कल आहे, विसरून जा. दुसरं मत निस्सीम चाहत्यांचं: नाही नाही, यात पुढचं सगळं बीजरूपाने आहे. मला दोन्ही मतं आळशी वाटतात. पहिलं मत अल्बम न ऐकता देता येतं. दुसऱ्यासाठीही तो ऐकावा लागत नाही, पुढचे अल्बम ऐकले की भागतं. माझं म्हणणं साधं आहे. ही मुलं वादक म्हणून एकत्र आलेलीच नव्हती, गाणी लिहिणारी म्हणून आली होती. प्रोग रॉकमध्ये, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकमध्ये, हे फार कमी वेळा घडलं. हा अल्बम त्या लिहिण्याचा पुरावा आहे, आणि त्यावर दुसऱ्या कुणीतरी चढवलेल्या थरामुळे तो पुरावा पन्नासहून अधिक वर्षं नीट वाचला गेलेला नाही.

आता थोडी पार्श्वभूमी. सरे परगण्यात गोडाल्मिंगजवळ चार्टरहाउस नावाची जुनी, महागडी निवासी शाळा आहे. गॅब्रिएल, टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि अँथनी फिलिप्स हे चौघे तिथले विद्यार्थी. शाळेत दोन बँड होते. ‘गार्डन वॉल’मध्ये गॅब्रिएल, बँक्स आणि ड्रमवर ख्रिस स्ट्यूअर्ट, तर ‘अनॉन’मध्ये रदरफर्ड आणि फिलिप्स. दोन्हीकडचे उरलेसुरले एकत्र आले आणि गाणी टेपवर उतरवायला लागले. त्यांना स्वतः मंचावर उभं राहायची विशेष हौस नव्हती. आपण गाणी लिहायची आणि ती दुसऱ्या कुणीतरी गावीत, असा बेत होता.

या शाळेची एक गोष्ट अल्बम ऐकताना लक्षात ठेवावी लागते. तिथल्या चॅपलमध्ये प्रार्थनेला हजर राहणं आणि स्तोत्रं म्हणणं हा मुलांचा रोजचा परिपाठ होता. बँक्स आणि गॅब्रिएल या दोघांनीही आपल्यावर त्या स्तोत्रांचा संस्कार झाल्याचं पुढे अनेकदा सांगितलं आहे. गंमत म्हणजे १९०६ सालच्या ‘इंग्लिश हिम्नल’ या स्तोत्रसंग्रहाची संगीत बाजू ज्यांनी सांभाळली, ते राल्फ वॉन विल्यम्स याच शाळेचे माजी विद्यार्थी. म्हणजे एका बाजूला चॅपलचा ऑर्गन, आणि दुसऱ्या बाजूला काय? तर गॅब्रिएलने १९६६ साली लंडनला ब्रिक्स्टनमधल्या राम जॅम क्लबात ओटिस रेडिंग या अमेरिकन सोल गायकाला प्रत्यक्ष ऐकलं होतं आणि तो अक्षरशः भारावून गेला होता. सोल संगीतातला तो फाटेपर्यंत ताणलेला आवाज आणि स्तोत्रांची संथ, पायरी पायरीने चढणारी चाल. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात या दोन गोष्टी एकाच वेळी नांदत असतील, तर त्याच्या गाण्यात काय होईल? पुढे ऐकूच.

१९६७ साली जोनाथन किंग शाळेला भेट द्यायला आला. तोही चार्टरहाउसचाच, वयाने थोडा मोठा. १९६५ मध्ये त्याचं एक गाणं ब्रिटनमध्ये गाजलं होतं, त्यामुळे शाळेत त्याला वलय. मुलांची एक टेप एका मित्रामार्फत त्याच्या हाती पडली आणि त्याला गॅब्रिएलचा आवाज आवडला. जेनेसिस हे नावही त्यानेच दिलं. आपल्या हातून संगीतव्यवसायाची सुरुवात होते आहे म्हणून जेनेसिस, असा एकूण थाट. विनय हा किंगचा गुण कधीच नव्हता. मुलं अल्पवयीन असल्यामुळे करारावर पालकांच्या सह्या लागत होत्या, आणि पालकांनी कराराची लांबलचक मुदत पाहून ती छाटायला लावली. या निर्णयाचे दोन परिणाम झाले. मुलं लवकर मोकळी झाली, हा एक. तोवर ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांचे हक्क मात्र किंगकडेच राहिले, हा दुसरा. त्याच्याकडे मी नंतर येतो.

किंगला छोटी, सुटसुटीत गाणी हवी होती. मुलांच्या टेपा दिवसेंदिवस गुंतागुंतीच्या होत चालल्या आणि त्याचा रस आटू लागला. तेव्हा बँक्स आणि गॅब्रिएलने सरळ हिशोब केला. किंगला बीजीज आवडतात ना, मग घ्या. त्यातून ‘द सायलेंट सन’ तयार झालं. फेब्रुवारी १९६८ मध्ये ते एकेरी तबकडी म्हणून निघालं, काही ठिकाणी रेडिओवर वाजलंही, पण चाललं नाही. मे महिन्यात दुसरं निघालं, तेही नाही. तरीही किंगने त्यांना अख्खा अल्बम करू दिला, हे मान्य करायला हवं. १९६८ साली, एकही गाणं न चाललेल्या शाळकरी मुलांना पूर्ण लांबीचा अल्बम कुठली कंपनी देत होती? किंगवर टीका करणारे ही गोष्ट सोयीस्करपणे गाळतात.

ऑगस्ट १९६८, शाळेची उन्हाळी सुट्टी, लंडनचा रीजंट साउंड स्टुडिओ. ड्रमवर आता स्ट्यूअर्टऐवजी जॉन सिल्व्हर. वयं बघा: गॅब्रिएल आणि बँक्स अठरा, रदरफर्ड सतरा, फिलिप्स सोळा. लोकांपुढे पैसे घेऊन एकही कार्यक्रम त्यांनी तोवर केला नव्हता. पहिला सशुल्क कार्यक्रम झाला सप्टेंबर १९६९ मध्ये, एका खासगी समारंभात, म्हणजे अल्बम बाजारात येऊन सहा महिने उलटल्यावर. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. साधारणपणे बँड आधी क्लबांत घासून निघतो, श्रोत्यांपुढे काय टिकतं ते त्याला कळतं, आणि मग तो स्टुडिओत जातो. यांचं उलटं झालं. त्यामुळे या अल्बममध्ये टाळ्या घेणारी एकही जागा नाही. लांब सोलो नाही, कसरत नाही. जे आहे ते लिहिलेलं आहे.

किंगने एक कल्पना पुढे केली: बायबलचा धागा घ्या. पहिलं पुस्तक उत्पत्ती, शेवटचं प्रकटीकरण, आणि मधल्या प्रवासाची गाणी. मुलांनी ती कल्पना घेतली, पण फार मनावर घेतली नाही. ‘इन द बिगिनिंग’ आहे, ‘द सर्पंट’ आहे, ‘इन द विल्डरनेस’ आहे, ‘द कॉन्करर’ आहे. पण मधूनच ‘द सायलेंट सन’सारखं सरळसोट प्रेमगीत येतं आणि बायबल बाजूला राहतं. खरं तर अनेक गाणी आधीचीच होती, त्यांना नवे शब्द चढवले गेले. ‘द सर्पंट’ मुळात ‘शी इज ब्यूटिफुल’ नावाचं गाणं होतं. ‘इन हायडिंग’ची चाल आधी ‘पॅट्रिशिया’ नावाच्या वाद्यरचनेत होती. या जुन्या टेपा १९९८ साली निघालेल्या ‘आर्काइव्ह’ संचात मिळतात. त्या जरूर ऐका, कारण एखादी सुंदरी सर्प कशी झाली ते तिथे कळतं.

आता मूळ मुद्दा. मुलांनी आपलं वाजवलं आणि ती परतली. मग किंगने आर्थर ग्रीन्सलेड या संगीत संयोजकाला बोलावून गाण्यांवर व्हायोलिनं आणि ब्रास चढवलं. बँडला आधी कळवलं नाही, विचारलं तर नाहीच. मिश्रणाची पद्धत तर आणखी अजब. बँडने वाजवलेलं सगळं, म्हणजे गळा, पियानो, गिटार, बास, ड्रम, दाबून एका चॅनलवर कोंबलं आणि वाद्यवृंद दुसऱ्या चॅनलवर ठेवला. स्टिरिओ म्हणावं तर तो नावापुरता: एका कानात मुलं, दुसऱ्या कानात व्हायोलिनं. फिलिप्सने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो इतका भडकला की उठून निघून गेला. बाकीच्यांनी तेव्हा फारशी कुरकुर केली नाही. अठराव्या वर्षी आपल्या गाण्यावर अख्खा वाद्यवृंद वाजतो आहे याचं कौतुक वाटणं स्वाभाविकच आहे. पण सोळा वर्षांच्या त्या मुलाला जे खुपलं, ते बरोबर होतं.

याला ग्रीन्सलेड दोषी आहेत असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांनी दिलेलं काम चोख केलं. त्या काळच्या ब्रिटिश पॉपमध्ये असंच होत असे, आणि डेक्काच्याच घरातून १९६७ च्या अखेरीस मूडी ब्लूजचा ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’ हा वाद्यवृंदासह केलेला अल्बम निघाला होता. तिथे वाद्यवृंद गाण्यांच्या अधेमधे येतो, त्याला स्वतःची जागा आहे. इथे तो गाण्याच्या अंगावर बसतो. गॅब्रिएल जिथे श्वास घेतो तिथे व्हायोलिनं भरून येतात. फिलिप्सची गिटार जिथे एकटी वाजायला हवी, तिथे कुणीतरी गोडवा ओतून ठेवला आहे.

पण बघा, त्या वेडगळ मिश्रणातच या अल्बमची किल्ली आहे. व्हायोलिनं एका चॅनलवर आहेत ना? मग तो चॅनल बंद करा. तुमच्याकडे अल्बमचा स्टिरिओ प्रकार असेल तर बॅलन्सचं बटण पूर्णपणे एका बाजूला फिरवा, नाहीतर हेडफोनचा एक कान काढून ठेवा. कापडाची शिवण बघायची तर ते उलटं करावं लागतं, तसंच हे आहे. एवढं केलं की समोर जे उरतं, तो माझ्या मते वेगळाच अल्बम आहे. कोरडा, जवळचा, थोडासा अवघडलेला. पियानो अगदी पुढे, बास ठणठणीत, आणि मागे मधूनमधून ऑर्गन, चॅपलमधला असावा तसा.

आता गाण्यांकडे येऊ. तेराही गाणी मी घेणार नाही. काही गाणी सुमार आहेत आणि ती तशीच सोडून देणं बरं. ‘द कॉन्करर’मध्ये कल्पना आहे, चाल नाही. ‘वन डे’ अतिगोड आहे, आणि तो गोडवा व्हायोलिनं काढूनही जात नाही, म्हणजे तो मुलांचाच.

पहिलं गाणं, ‘व्हेअर द सावर टर्न्स टू स्वीट’. पियानोची छोटी, किंचित ब्लूजच्या वळणाची ओळ आणि चुटक्या. गॅब्रिएल जवळजवळ कुजबुजत सुरू होतो. इथे ओटिस रेडिंग ऐकू येतो, पण सभ्य घरातला, आवाज चढवायला परवानगी मागणारा. तो चढतोही, पण जरा उशिरा. पुढे जून १९६९ मध्ये ते स्वतंत्र तबकडी म्हणूनही निघालं. चाललं नाही, हे सांगायची आता गरज नाही.

मला जास्त रस आहे तो गाणी संपतात तिथे. या अल्बममध्ये गाण्यांच्या मधली जागा रिकामी नाही. बऱ्याच ठिकाणी एक गाणं संपून दुसरं सुरू होण्याआधी एखादा छोटा तुकडा आहे. ‘इन द बिगिनिंग’च्या आधी एक गुरगुरणारा, यंत्रासारखा आवाज येतो आणि त्यातून बासची आकृती बाहेर पडते. सृष्टी निर्माण होते आहे, असं समजायचं. ‘फायरसाइड साँग’च्या सुरुवातीला बँक्सचा पियानो एकटाच वाजतो, शांत, पाश्चात्त्य शास्त्रीय धाटणीचा. मूळ गाणं आहे गिटारचं, साधं, लोकगीतासारखं. त्या पियानोचा गाण्याशी थेट संबंध नाही. मग तो तिथे का आहे? कारण सतरा-अठराव्या वर्षी बँक्सला एक गोष्ट कळली होती: एका भावातून दुसऱ्या भावात जायचं तर मधे उंबरठा लागतो. पुढच्या सगळ्या जेनेसिसचं बांधकाम याच गोष्टीवर उभं आहे. ‘सपर्स रेडी’ म्हणजे तरी काय? सात छोट्या गाण्यांचे तुकडे आणि त्यांच्यामधले उंबरठे. फरक इतकाच, की १९७२ पर्यंत उंबरठा हाच घराचा मुख्य भाग झाला.

एक आकडा सांगतो, त्याने हे आणखी स्पष्ट होईल. ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन’मध्ये तेरा गाणी आहेत आणि एकूण वेळ आहे त्रेचाळीस मिनिटांच्या आसपास. ‘ट्रेसपास’चा एकूण वेळ जवळजवळ तेवढाच. गाणी मात्र सहा. दीड-दोन वर्षांत या मुलांनी जास्तीचं संगीत निर्माण केलं असं नाही, त्यांनी गाण्यांमधल्या भिंती पाडल्या.

आता ‘अॅम आय व्हेरी राँग?’ हे गाणं. अल्बममधलं सर्वांत चांगलं कोणतं, असं मला विचारलंत तर मी याचं नाव घेईन. कडवी गॅब्रिएल एकटा गातो, संथ, पियानोच्या सोबतीने, लपू पाहणाऱ्या मुलाच्या आवाजात. आणि ध्रुवपद येताच सगळे मित्र एकदम आत घुसतात, आनंदी, वाढदिवसाच्या शुभेच्छा देत. कडवं आणि ध्रुवपद एकमेकांशी बोलतच नाहीत. एकाला एकटं राहायचं आहे, बाकीच्यांना त्याचा वाढदिवस साजरा करायचा आहे, आणि चाल ही दोन माणसं शेजारी शेजारी बसवते, मिटवत नाही. प्रत्येक वेळी ध्रुवपद आलं की ते अधिकच क्रूर वाटतं, कारण ते इतकं प्रेमळ आहे. एकाच गाण्यात पात्रं आणायची, त्यांना वेगवेगळे आवाज द्यायचे आणि नाट्य चालीतून घडवायचं, हे गॅब्रिएलचं पुढच्या सात वर्षांचं काम. त्याची पहिली स्वच्छ खूण मला इथे दिसते. मुखवटे नंतर आले. पात्र आधी आलं होतं.

‘इन हायडिंग’ तीन मात्रांच्या लयीत आहे, झुलणारं. ‘विंडो’ हे फिलिप्स आणि रदरफर्ड यांचं, आणि दोन गिटारींचं ते एकमेकांत गुंतून जाणं ‘ट्रेसपास’च्या आवाजाचा कणा ठरणार होतं. व्हायोलिनांखाली ते किती ऐकू येतं? फार नाही. फिलिप्स का चिडला, हे या गाण्यात नेमकं कळतं. दोन गिटारींच्या मधली जी हवा असते, तीच नेमकी कुणीतरी भरून टाकली आहे.

आणि ‘द सायलेंट सन’. याला हसणं सोपं आहे. दुसऱ्या कडव्यात गॅब्रिएल बीजीजच्या रॉबिन गिबसारखा कंप आणतो, तो ऐकून आजही हसू येतं. पण हे हुकमी लिहिलेलं गाणं आहे आणि हुकमी लिहिता येणं हीही कला आहे. ज्याची नक्कल करायची, त्याच्या चालीत नेमकं काय आहे ते आधी उकलावं लागतं. बँक्स पुढे आयुष्यभर पॉप गाणी लिहीत राहिला आणि त्यातली काही जगभर वाजली. ती ऐंशीच्या दशकात आकाशातून पडली नाहीत. ‘जेनेसिस आधी अभिजात होता, मग बाजारू झाला’ ही जी तक्रार आपल्याकडचे चाहतेही मोठ्या हिरिरीने करतात, ती करण्यापूर्वी हा अल्बम एकदा ऐकावा. बाजारासाठी लिहायचं शिक्षण या मुलांनी सर्वांत आधी घेतलं. लांब रचना त्यानंतर आल्या.

अल्बमची पुढची कथा म्हणजे एक विनोदी नाटकच आहे. छपाईच्या वेळी डेक्काला कळलं, की अमेरिकेत जेनेसिस नावाचा दुसराच एक बँड आहे. नाव बदला, असं फर्मान आलं. किंगने ऐकलं नाही. तोडगा असा निघाला, की मुखपृष्ठावर बँडचं नाव टाकायचंच नाही, फक्त अल्बमचं नाव टाकायचं, त्यात ‘जेनेसिस’ आपोआप येतंच. म्हणून मग काळं कुळकुळीत वेष्टन आणि त्यावर जुन्या वळणाच्या सोनेरी अक्षरांत ‘फ्रॉम जेनेसिस टू रेव्हलेशन’. ना फोटो, ना नाव. हे बघून दुकानदाराने काय करावं? अनेकांनी तो सरळ धार्मिक विभागात, स्तोत्रांच्या आणि प्रवचनांच्या तबकड्यांशेजारी ठेवून दिला. रॉक ऐकणारा तिथे फिरकत नसे, आणि स्तोत्रं ऐकणाऱ्याने तो घरी नेऊन लावला असेल तर पहिल्याच गाण्यातल्या चुटक्या ऐकून त्याचं काय झालं असेल, कल्पना करा. त्या अमेरिकन जेनेसिसच्या १९६८ सालच्या अल्बमचं नाव होतं ‘इन द बिगिनिंग’. पुढे आपल्या या अल्बमची एक पुनरावृत्ती निघाली, तिचंही नाव ‘इन द बिगिनिंग’च ठेवलं गेलं.

अशा पुनरावृत्त्या किती निघाल्या म्हणता! हक्क किंगकडे असल्यामुळे बँड जसजसा मोठा होत गेला, तसतसा हा अल्बम नव्या नव्या नावांनी, नव्या नव्या मुखपृष्ठांनी बाजारात येत राहिला. कुठे ‘रॉक रूट्स’, कुठे पहिल्या गाण्याचं नाव. जुनीच तेरा गाणी, वर एखादी तबकडी जोडलेली. विकत घेणाऱ्याला वाटायचं काहीतरी नवं हाती लागलं. बँडचा त्यावर काहीच ताबा नव्हता, आणि आपल्या नावाने होणाऱ्या या विक्रीपासून ते चार हात दूर राहिले. हा अल्बम दुर्लक्षित राहिला याचं खरं कारण माझ्या मते हेच आहे. मुलांचं पहिलं काम कच्चं होतं म्हणून कुणी इतकं विसरत नाही. येस या बँडचा १९६९ सालचा पहिला अल्बमही कच्चा आहे, त्यात तर बीटल्स आणि बर्ड्सची उसनी गाणी आहेत, पण तो येसच्या यादीत मानाने बसतो. जेनेसिसचं पहिलं काम त्यांच्या घरातच नव्हतं. जे आपल्या मालकीचं नाही, त्याची डागडुजी कोण करणार?

१९६९ च्या उन्हाळ्यात सगळं जवळजवळ संपलं होतं. किंगचा रस गेला, कराराची मुदत गेली. बँक्स ससेक्स विद्यापीठात शिकत होता, सिल्व्हर पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला. इथे बहुतेक शाळकरी बँड संपतात. यांनी मात्र उलटा निर्णय घेतला, की आता आपली गाणी आपणच वाजवायची. त्या हिवाळ्यात सरेमधल्याच वॉटन गावाजवळ एका मित्राच्या आईवडिलांच्या घरात ते सगळे जाऊन राहिले आणि दिवसभर सराव करू लागले. ऑक्टोबर १९६९ मध्ये किंग क्रिमसन या बँडचा पहिला अल्बम आला होता, तो या घरात सतत वाजत असे. क्रिमसनच्या त्या अल्बमवर मेलोट्रॉन नावाचं एक पट्ट्यांचं वाद्य आहे. त्याची एकेक पट्टी दाबली की आतली टेप फिरते आणि व्हायोलिनांचा समूह वाजतो. बँक्स पुढे मेलोट्रॉनकडे वळला आणि १९७२ मध्ये ‘वॉचर ऑफ द स्काइज’च्या सुरुवातीला त्याने जे सूर मांडले, त्यांनी प्रेक्षागृहं हादरली. म्हणजे चार वर्षांपूर्वी ज्या मुलांवर कुणीतरी व्हायोलिनं लादली, त्यांच्यातल्या एकाने व्हायोलिनं आपल्या बोटांखाली आणली. कधी वाजवायची, कधी थांबवायची, हे आता तोच ठरवणार होता.

फिलिप्सची कहाणी वेगळी. ‘ट्रेसपास’ ध्वनिमुद्रित झाल्यावर, तो बाजारात येण्याआधीच, जुलै १९७० मध्ये त्याने बँड सोडला. मंचावर उभं राहायची भीती आणि ढासळलेली तब्येत. त्याच्या जागी पुढे स्टीव्ह हॅकेट आला, ड्रमवर फिल कॉलिन्स आला, आणि लोकांना माहीत असलेला बँड तयार झाला. फिलिप्स शांतपणे बाजूला राहून लिहीत राहिला. पुढे त्याने स्वतःच वाद्यवृंदासाठी रचना केल्या. बँक्सनेही २००४ साली लंडन फिलहार्मनिक ऑर्केस्ट्राबरोबर केलेली सात भागांची एक रचना प्रसिद्ध केली. दोघांचं वाद्यवृंदाशी वाकडं नव्हतंच. न विचारता चढवलेल्या वाद्यवृंदाशी होतं.

हा अल्बम थोर आहे का, असं विचाराल तर नाही. तेरातली चार-पाच गाणी खरी चांगली आहेत, दोन-तीन ऐकवत नाहीत, बाकीची मधली. पण थोर अल्बम ऐकून संगीत कसं घडतं ते कळत नाही, कारण तिथे सगळ्या शिवणी झाकलेल्या असतात. इथे त्या उघड्या आहेत. कोणती चाल कुठून उचलली, कोणता शब्द कुठे ओढून ताणून बसवला, कोणत्या जागी मुलं थांबली आणि कोणत्या जागी मोठ्या माणसाने हात घातला, सगळं कानाला दिसतं.

बोलणं इथे थांबवतो, कारण आता ऐकायचं आहे. पहिल्यांदा ‘इन द विल्डरनेस’ लावतो, अल्बमवर आहे तसं, व्हायोलिनांसकट. ध्रुवपदाला सगळे कसे तुटून पडतात आणि शेवटी पियानो कसा एकटा मागे राहतो, तिकडे लक्ष द्या. त्यानंतर तेच गाणं पुन्हा, या वेळी ‘आर्काइव्ह’ संचातलं, व्हायोलिनं चढवण्याआधीचं कच्चं मिश्रण. कडव्यातली गिटार पहिल्या खेपेला तुम्हाला ऐकू आली होती का, ते दुसऱ्या खेपेनंतर मला सांगा. मग प्रश्नोत्तरं घेऊ.